टॉवेल आणि नोटीस

बोअरची मोटर जळली ती नेमकी मे महिन्यात. नागपुरात या दिवसांत माणसाआधी कूलरला पाणी पाजतात, त्यामुळे नोटीस लावणं आलं. ती लावायची मी, कारण सेक्रेटरी निवडायच्या मीटिंगला मी गैरहजर होतो. मिहानमध्ये नोकरी करणारे बाहेरगावचे भाडेकरू मराठी वाचत नाहीत, म्हणून इंग्रजी झाडली. दोन दिवस पाणी नाही, प्लीज बेअर विथ अस.

देवनागरीत लिहिलं असतं तर इज्जत वाचली असती. इथे सगळे बेअर सारखेच दिसतात. मी लिहिलं बी-ए-आर-ई. कॉम्प्युटरनेही लाल रेघ ओढली नाही, कारण शब्द खराच आहे. अर्थ तेवढा 'उघडं'. थोडक्यात, दोन दिवस आमच्यासोबत कपडे काढा, अशी सोसायटीची नम्र विनंती लिफ्टशेजारी झळकली.

सकाळी टँकर आला. तिसऱ्या माळ्यावरचे काकाजी कमरेला टॉवेल, दोन हातांत दोन बादल्या, बाकी सगळं मोकळं, असे जिना उतरले.

"काकाजी, हे काय?"

"काय म्हंजे? नोटीस पाळून राह्यलो ना भाऊ! तू काऊन शर्ट घालून उभा?"

बादल्यांची अख्खी रांग हसली. तसं पाहिलं तर २०१३ च्या मेमध्ये या शहराने ४७.९ अंश सोसले आहेत. त्या मानाने माझी विनंती फार काही वावगी नव्हती.

पहिल्या माळ्यावरच्या काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांचा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला. मला पायरीवर बसवून म्हणाल्या, "सोसायचं ते बी-ई-ए-आर. आपला भार आणि त्यांचा बेअर एकाच कुळातले, संस्कृतातल्या 'भृ' धातूचे भाऊबंद. आमचा भार सोसा, एवढंच म्हणायचंय तुला. सांग बरं, याचा भूतकाळ काय?"

"काय?"

"बोअर."

"काकू, तिचीच तर मोटर जळली ना!"

मग मात्र हसल्या. मी पेनाने स्पेलिंग दुरुस्त केलं. तासाभरात पोरांनी शेजारी अस्वल काढलं, हातात बादली देऊन. त्याचंही स्पेलिंग तेच, त्यामुळे रागावायची सोय नव्हती.

शेवटी कागद फाडला आणि सरळ मराठीत लिहिलं, 'असुविधेबद्दल दिलगीर आहोत.' संध्याकाळी बघतो तर 'असुविधे'वर लाल काट आणि वर सुबक अक्षरात 'गैरसोयी'.

काकूंचे यजमान मराठीचे मास्तर होते, हे मी साफ विसरलो होतो.