साल पाद्रीला विचार!

आज पुण्याचे पाहुणे घेऊन जुन्या गोव्यात गेलो होतो. तिथला गाईड ठणकावून सांगत होता, "कुंकळ्ळीच्या रानटी लोकांनी पाच निरपराध पाद्री कापले." आणि पुढच्या वेदीकडे वळला. झाली गोष्ट! माझं डोकंच फिरलं.

अरे, हे पाद्री मारले गेले 15 जुलै 1583 ला; त्याच्या आधी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत देवळं कुणी पाडली? तिथल्या कुंकळ्ळी गावावर पोर्तुगीज फौज चालून गेली तेव्हा तिच्याबरोबर याच पाचांतले दोघे होते, पाशेको आणि बेर्नो. जेजुइटांनीच, म्हणजे या पाद्र्यांच्याच संघाने, हे लिहून ठेवलंय, तेही मोठ्या अभिमानाने. आणि मग गांवकरी उठले म्हणून रानटी?

लहानपणी आजोबांबरोबर छत्रोत्सवाला गेलो होतो. शांतादुर्गा फातर्प्याहून आपल्या मूळ गावी कुंकळ्ळीला येते, बारा वांगडांच्या (मूळ कुळांच्या) बारा छत्र्या, सगळा रस्ता गुलालाने लाल. मी विचारलं, कुंकळ्ळीचं ते सगळं कधी घडलं? आजोबा खेकसले, "साल पाद्रीक विचार, ताणें बरोवन दवरलां!" म्हणजे, त्याने लिहून ठेवलंय!

दवरलांच की. त्या पाचांतला आक्वाविवा अकबराच्या दरबारात राहून आला होता, इटलीतलं बडं घराणं, त्याच्या जखमांचंसुद्धा वर्णन आहे. जेजुइट इतिहासकार फ्रान्सिस्कु द सोझाचा ग्रंथ छापला गेला 1710 मध्ये, सव्वाशे वर्षांनी, तरी पाद्र्यांचं कौतुक ताजंच. आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलेले गांवकर, म्हणजे गावचे पुढारी, त्यांचं काय? सोळा म्हणतात, त्यातला एक पाण्यात उडी टाकून निसटला म्हणतात. सोळाही जणांची नावं मला अजून कुठं वाचायला मिळालेली नाहीत. पाद्र्यांना रोमने 1893 मध्ये 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवलं. गांवकरांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहिलं 2003 मध्ये!

बरं बाबा, मान्य. निःशस्त्र माणसांना मारलं, ते वाईटच. आणि पाद्र्यांनी लिहिलं नसतं तर तारीखही कळली नसती, आजोबांचा टोमणा त्या अर्थी खराच. पण त्याच दिवशी पाद्र्यांबरोबर इथले साधे ख्रिस्ती लोकही मेले, पोरंसुद्धा. 1893 च्या यादीत त्यांना जागा नाही. स्वतःच्या माणसांना जे विसरले, ते आमच्यांना काय आठवणार?

त्या गाईडवर आता राग नाही. विशीतला पोर, त्याच्या हातात जे दिलं ते तो म्हणतो. राग आहे चारशे वर्षं तोच कागद पुढे सरकवणाऱ्यांवर.

आणि कमेंटमध्ये कुणी हिंदू-ख्रिस्ती भांडण लावलं तर सरळ ब्लॉक करीन. त्या वांगडांतली कितीतरी घरं आज ख्रिस्ती आहेत, आणि छत्रीच्या दिवशी तीही आपलेपणाने रस्त्यावर असतात.