स्वस्त ठोकळ्यांचा महागडा मकबरा

लेगो या खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या कंपनीनं ताजमहाल तीनदा काढला: २००८ साली ५,९२२ तुकड्यांचा, २०१७ साली ५,९२३ तुकड्यांचा आणि २०२१ साली २,०२२ तुकड्यांचा. आपल्या बीबी का मकबऱ्याचा खोका काही त्यांनी काढला नाही. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या माणसानं शोकेसवर मकबरा उभा करायचं मनावर घेतलं, की सुटे ठोकळे जमवण्यावाचून इलाज नसतो. त्यासाठी ब्रिकलिंक आहे, ब्रिकआउल आहे. एकाच साइटवर देशोदेशीचे छोटे दुकानदार सुटे तुकडे मांडून बसलेले असतात. भाव प्रत्येकाचा वेगळा, अटी वेगळ्या, पोस्टेज वेगळं.

एवढ्या मोठ्या बाजारात पैसे बुडवणं सोपं असेल असं वाटतं. तसं नाही. यादी नीट करणारा, दोन-तीनच दुकानदार धरणारा माणूस नकळत फायद्यात राहून जातो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

सुरुवात आराखड्यापासून. ब्रिकलिंकचं स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात मकबरा बांधताना अमुक तुकडा त्या रंगात कधी निघालाच नाही, अशी सूचना दिसते. तिच्याकडे लक्ष देऊ नका. कंपनीनं तुकडा काढला नाही म्हणजे दुकानदारानंही तो ठेवू नये, असं थोडंच आहे! आणि मुख्य म्हणजे आतबाहेर सगळं पांढरंच ठेवा. मूळ मकबरा बांधणाऱ्यांनी खाली कमरेइतक्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला संगमरवर लावला, मधल्या भागात काळा दगड घालून वरून चुन्याचा गिलावा ओढला. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाल्याचं सांगतात. सात आणेसुद्धा लिहून ठेवणारी माणसं ती, दिसेल तिथंच भारी माल लावणारच. तुम्ही असल्या चिकटपणात पडू नका. चौथऱ्याच्या पोटात, जिथं जन्मात कुणाची नजर जायची नाही, तिथंही नवी कोरी पांढरी २x४ वीट, म्हणजे वर दोन बाय चार खुंट्या असलेली, नंबर ३००१, घाला. आत लाल-निळे-हिरवे जुने ठोकळे भरणारे लोक निम्म्या विटांवरचा खर्च वाचवतात. वाचवू देत त्यांना.

मग यादी, म्हणजे वॉन्टेड लिस्ट. स्टुडिओतून ती थेट चढवता येते. चढवल्यावर तिला हात लावू नका. तिच्यात १x८ ची प्लेट, म्हणजे विटेहून चपटा तुकडा, नंबर ३४६०, असेल, तर त्याच जागी १x४ च्या दोन, ३७१०, चालतात का हे तपासायला जाऊ नका. मधे एकच खुंटी असलेली १x२ ची प्लेट जुन्या साच्यात ३७९४ आणि नव्या साच्यात १५५७३ या नंबरानं मिळते. मकबऱ्याच्या भिंतीत बसल्यावर दोघींत फरक दिसत नाही. तरी जुनाच नंबर धरून बसा, म्हणजे नवा माल ढिगानं ठेवणारा दुकानदार तुमच्या शोधात येणारच नाही. ‘नवा किंवा जुना, कोणताही चालेल’ हा पर्यायही फक्त दिसणाऱ्या तुकड्यांसाठी वापरा. आतल्यांसाठी ‘नवाच’.

रंगांच्या नावांत तर फार वाव आहे. लेगो कंपनी ज्या रंगाला ब्रिक यलो म्हणते, त्याला ब्रिकलिंकवर टॅन म्हणतात. दोन्हीकडची नावं न जुळवता ‘यलो’ निवडलंत, तर मकबऱ्यासमोरची मातकट फरशी पिवळीजर्द होईल. करड्याचं त्याहून गोड आहे. २००४ च्या सुमारास कंपनीनं करडा रंग बदलून त्यात निळसर झाक आणली. ब्रिकलिंकवर जुना लाइट ग्रे आणि नवा लाइट ब्लुइश ग्रे असे दोन वेगळे रंग आहेत, पहिल्याचा क्रमांक ९, दुसऱ्याचा ८६. दोन्ही थोडे थोडे मागवा. ट्यूबलाइटखाली चटकन कळत नाही. सकाळी खिडकीतून ऊन आलं की चौथऱ्यावर पट्टे उठलेले दिसतील, तेव्हा पाहुण्यांना ‘दगडाच्या खाणी दोन होत्या’ म्हणून सांगा.

पांढरा रंग जुन्यात घ्यायचा असेल तर फोटो मागू नका. एबीएस प्लास्टिक वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की पिवळं पडतं, आणि पांढऱ्यावर ते सगळ्यात आधी दिसतं. दुकानदारानं ‘किंचित वापरलेला’ असं लिहिलेलं असतं. त्यात दाताचे ठसे मोडतात की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

आता खरी खरेदी. समजा, १x२ ची पांढरी प्लेट, ३०२३, तुम्हाला ६०० हवी आहे. तुमची निम्मी यादी ज्याच्याकडे आहे तो दुकानदार ती ४ रुपयांना देतोय. दुसऱ्या देशात एक जण साडेतीन रुपयांना देतोय, पण त्याच्याकडे तुमच्या यादीतलं बाकी काहीच नाही. पहिल्याला सोडा, दुसऱ्याला धरा. तीनशे रुपये वाचले! त्याचं पोस्टेज समजा अकराशे. ते वेगळ्या रकान्यात लिहा, म्हणजे वाचलेल्या तीनशेंना गालबोट लागणार नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणणारे लोक स्वयंपाक करत नाहीत, नुसते हिशोब करतात.

हेच यादीतल्या प्रत्येक तुकड्याला लावायचं. एवढी मेहनत नको असेल, तर साइटच दुकानदार निवडून देते, ते बटण दाबा. अकरा दुकानं, अकरा कार्ट. तुकड्यांची बेरीज डोळ्यांत पाणी येईल इतकी कमी दिसते, कारण पोस्टेज त्या हिशोबात नसतं. जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवरून पोतंभर तूर न घेता अकरा आडतींवरून पाच-पाच किलो उचलावी आणि दर वेळी वेगळा टेम्पो करावा, तसला हा व्यवहार. फरक इतकाच की मोंढ्यात हमाल तरी तोंडावर हसेल.

काही धूर्त लोक उलट्या बाजूनं सुरुवात करतात. ते यादीतले सगळ्यात दुर्मिळ दहा-पंधरा लॉट आधी काढतात. लॉट म्हणजे एक तुकडा, एका रंगात, एका अवस्थेत. यातले जास्तीत जास्त लॉट कोणत्या एकाच दुकानात आहेत हे ते शोधतात आणि त्याच कार्टमध्ये साध्या विटा, प्लेटा भरून घेतात, दोन पैसे जास्त पडले तरी. साध्या विटा कुठंही मिळतात, अडतं ते दुर्मिळ तुकड्यापाशी, हे त्यांना ठाऊक असतं. उरलेलं दुसऱ्या दुकानातून. तिसरं दुकान लागलंच, तर त्या तुकड्यांसाठी ते आराखडाच बदलतात. अशा माणसांची संगत टाळा. तुम्ही आधी साध्या विटा घेऊन टाका. जाळीची १x२ टाइल, म्हणजे वर खुंट्या नसलेला चपटा तुकडा, २४१२बी, शेवटी बघू म्हणा. शेवटी ती जिथं मिळते त्या दुकानातून घेण्यासारखं तुमच्या यादीत दुसरं काहीच उरलेलं नसतं.

इथं दुकानाच्या अटी कामाला येतात. कुठं किमान खरेदी असते. कुठं सरासरी लॉट-किंमत असते, म्हणजे कार्टातल्या एकूण रकमेला लॉटांच्या संख्येनं भागून अमुक आकडा आलाच पाहिजे. दोन-दोन तुकड्यांचे चाळीस लॉट घेणाऱ्याला हाकलायची ही सभ्य पद्धत. कुणी दहाच्या पटीतच विकतो. या अटी दुकानाच्या पानावर लिहिलेल्या असतात, म्हणून त्या कार्ट भरल्यावरच वाचायच्या. चार टाइलांसाठी किमान रक्कम गाठायची असेल तर काहीही भरा. खजुराची झाडं घ्या, घोडे घ्या. मकबऱ्याच्या बागेत शोभतील.

भाव रास्त आहे का, हे बघायला प्राइस गाइड आहे. त्यात मागच्या सहा महिन्यांत खरोखर विकल्या गेलेल्या मालाची सरासरी एकीकडे आणि सध्या विक्रीला ठेवलेल्या मालाची दुसरीकडे दिसते. दुसरीच बघा. तिच्यात वर्षानुवर्षं न खपलेले अव्वाच्या सव्वा भावही असतात, त्यांच्याशेजारी कुठलाही भाव स्वस्तच वाटतो.

पोस्टेज वजनावर आणि आकारावर ठरतं. ६०० प्लेटांचं वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आत असतं, म्हणजे पातळ पाकिटात निवांत येतील. म्हणूनच त्या कार्टात ४८x४८ चा एक बेसप्लेट टाका. एका खुंटीला ८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ मिलिमीटरचा चौरस. तो वाकवता येत नाही आणि पाकिटात मावत नाही. पाकिटाचं पार्सल झालं, दर दुसऱ्या तक्त्यात गेला. प्लेटा जोडून तोच तळ तयार करता येतो, पण मग ते पार्सल कसलं!

पत्ता लिहिताना मोकळेपणा ठेवा. खात्यात ‘औरंगाबाद’, दुकानदाराला पाठवलेल्या निरोपात ‘छत्रपती संभाजीनगर’, पिनकोड घाईत अर्धाच. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारातही आहे, तिकडच्या टपाल कर्मचाऱ्यांनाही थोडं काम मिळेल. नवं नाव लेबलच्या ओळीत मावलं नाही तर ते ‘संभा’वर तुटेल. त्या वेळी पार्सल वाचवतो तो ४३१००१ असा सहा आकडी पिन आणि चालू असलेला मोबाइल नंबर. दोन्ही देऊ नका.

मग सीमाशुल्क. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ साली ७० वर. वैयक्तिक वापरासाठी पोस्टानं किंवा कुरियरनं आलेल्या मालाचा दर वेगळा असतो आणि तोही बदलत राहतो. ऑर्डर देण्याआधी चालू दर बघण्याचा मोह आवरा. शुल्क धरताना मालाच्या किमतीत वाहतूक खर्चही मिळवतात, म्हणजे अकरा पोस्टेजं भरून झाल्यावर त्या पोस्टेजांवरही शुल्क भरायचं. शिवाय कुरियर असेल तर दर पार्सलाला त्याचा क्लिअरन्सचा आकार अलग, आणि आधार-पॅनची विचारणा अलग.

यावर हमखास उपाय म्हणून दुकानदाराला ‘गिफ्ट लिहा हो’ असं सांगायची पद्धत आहे. अवश्य सांगा. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून शुल्क न भरता माल मागवायला बंदी आहे. सूट आहे ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. चौपन्न हजार दोनशे नंबरचा चीज स्लोप, म्हणजे उतरत्या माथ्याचा इवलासा ठोकळा, या दोहोंपैकी कशात बसतो, हे अधिकाऱ्याला पटवून देण्याची तयारी ठेवा. बरेच दुकानदार खोटं लिहायला नकार देतात. त्यांना वाईट शेरा द्या.

पार्सलं महिनाभर मागंपुढं येत राहतील. कुरियरवाला दारात उभा राहून ‘सर, ड्युटीचे एवढे द्या, मग पाकीट’ म्हणेल, आणि आतून आजी विचारतील, ‘लेकराचं काय आलंय बावा आणखी?’ पार्सल आलं की लगेच मोजू नका. सगळी जमू द्या, मग एकदम फोडा आणि सगळ्या पुड्या अंगणात गोधडीवर ओता. प्रत्येक पुडी ज्या त्या ऑर्डरच्या यादीशी लावून, शंभरावर तुकडे असतील तर वजन करून तपासली असती, तर कुणी सतरा तुकडे कमी पाठवले ते तासाभरात कळलं असतं, आणि लॉटचं नाव व फोटो धाडल्यावर बहुतेक दुकानदारांनी पैसे परत केले असते किंवा तुकडे पाठवले असते. आता अकरा जणांचे ठोकळे एकत्र झालेत. कमी आहे हे कळेल, कुणाचं ते कळणार नाही. १x१ ची गोल प्लेट, ४०७३, गोधडीच्या दोऱ्याखाली अशी घट्ट बसते, की नखानं निघत नाही. सुई लागते. ती निघेपर्यंत सगळ्यांना ‘उत्तम, माल पोचला’ असा शेरा देऊन टाका, म्हणजे पुढचा पत्रव्यवहार अवघड होईल.

शेवटी मिनाराच्या तीन गोल विटा, ३९४१, कमी पडतील. चारांपैकी एक मिनार तीन विटांनी ठेंगणा. त्या तीन विटांसाठी पुन्हा एक दुकान गाठा, पुन्हा किमान खरेदी भरा, आणखी थोडे घोडे घ्या.

एव्हाना घरात तीनशे-चारशे नको असलेले तुकडे साचलेले असतील: जुन्या करड्या प्लेटा, पिवळ्याजर्द टाइला, झाडं, घोडे. ते फेकू नका. त्याच साइटवर स्वतःचं दुकान काढा. किमान खरेदी तीन हजार रुपये ठेवा, सरासरी लॉट-किंमत दीडशे, माल फक्त दहाच्या पटीत, आणि करडा कोणता ते लिहू नका.