घरखर्चाची काटकसर हप्त्यांपासून सुरू करावी

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की आपल्याकडे पहिली कात्री दुधाला लागते. मग फळे बंद होतात, वरण पातळ होते, घरच्या बाईच्या गुडघेदुखीचे औषध "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून लांबणीवर पडते, आणि एवढे सगळे करूनही महिनाअखेर हातात काही उरत नाही. मी जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यात शिक्षिका आहे, घरी शेती आहे, आणि लग्न झाल्यापासून घरखर्चाची वही माझ्याकडे आहे. या वहीवरून आणि आजूबाजूची घरे पाहून माझे मत पक्के झाले आहे की खानदेशातील शेतकरी कुटुंबाचा अनावश्यक खर्च स्वयंपाकघरात फारसा नसतोच. तो मासिक हप्त्यांत आणि चारचौघांत दिसण्यासाठी केलेल्या खर्चात असतो, आणि काटकसरीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

याचे कारण आपला पैसा ज्या काळात येतो त्यात दडलेले आहे. कापूस हे आपले मुख्य नगदी पीक, आणि कापसाचा पैसा दसरा-दिवाळीपासून फार तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत येतो. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातही बाग कापणीला येते तेव्हाच पैसा दिसतो, आणि ऐन वेळी भाव कोसळला किंवा मे-जूनच्या वादळाने बाग आडवी केली तर तोही दिसत नाही. जून ते सप्टेंबर या महिन्यांत मात्र घरातून पैसा नुसता बाहेर जात असतो: बियाणे, खते, निंदणी, फवारणी, मुलांच्या वह्या-पुस्तके, आणि पावसाळ्यातील आजारपणे. आपल्या सासू-सासऱ्यांच्या पिढीने घराचा खर्च याच चालीवर बसवलेला होता. हंगामाचा पैसा हाती असेपर्यंतच वर्षाचे गहू आणि दादर ज्वारी भरून ठेवायची, गव्हाला एरंडेल चोळायचे, कोठीत निंबाचा पाला घालायचा, घरची तूर मिलवर नेऊन तिची डाळ करून आणायची, आणि वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया, शेवया, बिबडे वाळवून डबे भरायचे. सालदाराचा, म्हणजे शेतावर ठेवलेल्या गड्याचा, करारसुद्धा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), वर्षाचा. पावसाळ्यात हातात रोकड नसली तरी घरात धान्य असे, आणि किराणा दुकानातील उधारीच्या वहीत तेल, साखर, चहापत्ती यापलीकडे फारसे काही नसे.

आता उत्पन्न तसेच वर्षातून एकदा-दोनदा येते, पण खर्च दरमहा ठरलेल्या तारखेला दारात उभा राहतो. मोटारसायकलचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, टीव्हीचा हप्ता, आणि त्यात घरातील बाईच्या नावावर काढलेल्या गटकर्जाचा आठवड्याचा हप्ता. पगारदार माणसाला हप्ता पेलतो, कारण त्याचा पगारही दर महिन्याला येतो. शेतकऱ्याने ऑगस्टमध्ये तो कशातून भरावा, याचा विचार गाडी घेताना कोणी करत नाही, आणि गाडी विकणाऱ्याला तो करायचे कारण नसते.

माझ्या नात्यातील एका घरी मी गेल्या पावसाळ्यात गेले होते. अंगणात नवीन मोटारसायकल उभी होती, तिच्यावर पाऊस पडू नये म्हणून मेणकापड टाकलेले होते. आत वहिनींनी चहा केला तो कोरा, कारण त्यांनी एक लिटरचे दूध अर्ध्या लिटरवर आणले होते आणि ते अर्धा लिटर दोन्ही नातवंडांसाठी राखून ठेवले होते. साठ रुपये लिटरने हिशेब केला तर या काटकसरीतून महिन्याला ९०० रुपये वाचत होते. गाडीचा हप्ता साडेतीन हजारांच्या वर होता, आणि घरातील कर्त्या पुरुषाचा टपरीवरचा खर्च दिवसाला ३० रुपये धरला तरी तोही महिन्याला तेवढाच, ९०० रुपये, वर्षाला १०,९५० रुपये होत होता. घरात कोणालाही ही तीन आकड्यांची बेरीज-वजाबाकी एका कागदावर मांडावीशी वाटली नव्हती. दूध तोडणे सोपे होते, कारण ते तोडल्याचे गल्लीत कोणाला कळत नाही.

हप्त्याचा खरा भाव काय पडतो, हेही सांगितले पाहिजे, कारण दुकानात तो सरळ सांगितला जात नाही. समजा, १ लाख रुपये "१० टक्के फ्लॅट" दराने तीन वर्षांसाठी घेतले. वर्षाला १० हजार याप्रमाणे तीन वर्षांचे ३० हजार व्याज मुद्दलात मिळवतात आणि १ लाख ३० हजारांचे ३६ भाग करून महिन्याला ३,६११ रुपयांचा हप्ता पाडतात. परंतु आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावर देत असतो. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने पाहिले तर हे व्याज १० टक्के नसून सुमारे १८ टक्के पडते. "बिनव्याजी हप्ता" म्हणून जे मिळते त्यातही बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. गावातील सावकाराचे "शेकडा तीन" तर महिन्याचे असते, म्हणजे वर्षाचे ३६ टक्के. खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला तर बँक वेगळा आकार लावते आणि कर्ज देणारी कंपनी वेगळा.

याहून मोठे नुकसान मला दुसरे दिसते. पीककर्ज हे शेतकऱ्याला मिळणारे सर्वांत स्वस्त कर्ज आहे. केंद्राच्या योजनेत ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर ७ टक्के, आणि वेळेत परतफेड केली तर ३ टक्क्यांची सवलत मिळून तो ४ टक्के पडतो. उरलेल्या व्याजाचा भार वेळेत फेडणाऱ्यासाठी राज्य सरकारच्या पंजाबराव देशमुख योजनेतून उचलला जातो. पण पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा माणूस दारात येऊन बसत नाही आणि गाडीच्या हप्त्याचा माणूस येतो, म्हणून कापसाच्या पैशातून आधी गाडीचे थकलेले हप्ते भरले जातात आणि पीककर्ज थकीत जाते. ज्या कर्जाचे व्याज जवळजवळ शून्यावर आले असते, त्याची सवलत अशी हातची जाते, पुढच्या हंगामाला नवे पीककर्ज मिळत नाही, आणि मग बियाण्यासाठी पुन्हा शेकडा तीनच्या दारात जावे लागते. हे चक्र मी अनेक घरांत फिरताना पाहिले आहे आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण ही माणसे उधळी नाहीत, रात्रंदिवस राबणारी आहेत.

मोटारसायकल घेऊच नये, असे मी म्हणत नाही. शेत तीन किलोमीटरवर असेल आणि दवाखाना तालुक्याला असेल तर गाडी ही गरज आहे. मात्र ती कापूस विकल्यावर, शक्य तितकी रक्कम रोख भरून आणि गरजेपुरतीच घ्यावी. सव्वा लाखाची गाडी आणि सत्तर-ऐंशी हजारांची गाडी एकाच रस्त्याने शेतात पोहोचतात. मोबाइल चालू असताना नवा मोबाइल हप्त्यावर घेणे हे मात्र मला पूर्णपणे अनावश्यक वाटते.

विजेच्या बिलाबद्दल थोडक्यात लिहिते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान मुलांनी पंखा-कूलर बंद करून पैसे वाचवावेत, हा सल्ला मी कोणाला देणार नाही. खानदेशाची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून कूलर येथे चांगले काम देतो. घरगुती कूलर साधारण २०० वॅट घेतो, तर दीड टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना दीड हजार वॅटच्या आसपास वीज जाते. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवावा, समोरचे दार थोडे उघडे ठेवावे आणि दर उन्हाळ्याला जाळीतील वाळा बदलावा, म्हणजे एसीची गरज बऱ्याच घरांत पडत नाही. साधा छतपंखा ७५ वॅटचा असतो आणि नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपासचा. दिवसाला १५ तास पंखा चालत असेल तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. महावितरणचा दर १०० युनिटनंतर आणि पुन्हा ३०० युनिटनंतर चढत जात असल्याने ही बचत वरच्या, महागड्या टप्प्यातून होते. जुना पंखा बिघडेल तेव्हा नवा घेताना एवढे पाहिले तरी पुरे.

लग्नांविषयी मात्र सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. अहिराणीत "लोके काय म्हनतीन" हे एक वाक्य आहे, आणि माझ्या अंदाजाने आपल्या भागातील जितकी कर्जे या वाक्यापोटी झाली असतील तितकी दुष्काळाने झाली नसतील. पूर्वी मांडवात वरण-बट्टी, गंगाफळाची किंवा वांग्याची भाजी असे, गावातील मंडळीच स्वयंपाकाला आणि वाढायला असत, आणि लोक पोटभर जेवून जात. आता त्याच गावात, त्याच उत्पन्नाच्या घरी, लग्नाआधीचे चित्रीकरण, ड्रोन, डीजे, हळदीचा वेगळा मांडव आणि जेवणात चार-पाच प्रकारचे काउंटर लागतात. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात मी हात धुवायला मागे गेले, तेव्हा प्लास्टिकच्या ड्रममध्ये अर्धवट खाल्लेले नूडल्स, पुऱ्या आणि गोड पदार्थ एकावर एक पडलेले होते, आणि वधूचे वडील बाजूलाच उभे राहून मंडपवाल्याशी उरलेल्या पैशांसाठी मुदत मागत होते. त्या जेवणावळीतील किती जणांना दुसऱ्या दिवशी पदार्थांची नावे आठवली असतील, मला शंका आहे. वडिलांना मात्र ते पुढची तीन-चार वर्षे फेडावे लागणार आहे.

यावर उपाय आपल्या मातीत जुनाच आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी अत्यंत कमी खर्चाचे पहिले सत्यशोधक लग्नही लागले. आज आपल्याकडे सामूहिक विवाह होतात, आणि अनेक पत्रिकांवर "कृपया आहेर आणू नये" असे छापलेले असते. टॉवेल-टोपी आणि घडी न मोडलेली साडी या घरून त्या घरी फिरत राहण्याची प्रथा त्यामुळे काही गावांत जवळजवळ थांबली आहे. याचा अर्थ समाज ठरवतो तेव्हा खर्च कमी होतो. एकट्या गरीब बापाने साधे लग्न केले तर त्याला बोल लागतो, म्हणून सुरुवात गावातील सुखवस्तू घरांनी केली पाहिजे. ज्यांना परवडते त्यांनी हळदीचा डीजे बंद केला, तर ज्यांना परवडत नाही त्यांची सुटका होईल. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीचे लाड आणि श्रावणातील कानबाईचा रोट, यांत मला अनावश्यक काही वाटत नाही. ते सण घरच्या धान्यात, घरच्या माणसांत होतात आणि माणसे जोडून ठेवतात.

सोन्याबद्दल जळगावजवळच्या माणसाने बोलणे अवघड आहे, कारण जळगावची सोन्याची पेठ ही आपल्या सगळ्यांच्या विश्वासाची जागा आहे. सोने अडीअडचणीला उपयोगी पडते, यात वाद नाही. पण दागिना घेताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी आपण देतो, आणि मोडताना यातील काहीच परत मिळत नाही. बचत म्हणूनच सोने घ्यायचे असेल तर नक्षीकाम कमी असलेले, हॉलमार्कचे आणि पक्क्या बिलाचे घ्यावे. हप्ते थकलेले असताना मुहूर्त चुकू नये म्हणून सोने घेऊ नये.

खर्च कमी करून वाचलेला पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यांत विशेष काळजीचा आहे. जळगाव जिल्ह्यातील अनेक पतसंस्था बुडाल्या, हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, आणि त्यात मुलीच्या लग्नासाठी व म्हातारपणासाठी ठेवलेले पैसेही होते. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो. २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी हा फरक विसरू नये. ज्यांच्या घरी दूध, शिवणकाम किंवा मजुरीतून दरमहा थोडा पैसा येतो त्यांच्यासाठी पोस्टातील आवर्ती ठेव चांगली आहे. ती महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते आणि तिची मुदत पाच वर्षांची असते.

शेतीचा पैसा एकदम येणाऱ्या घरांनी मात्र वेगळी पद्धत ठेवावी. कापसाची पट्टी हातात आली की त्याच आठवड्यात पैशाचे भाग करावेत. पीककर्जाचा भाग आधी बाजूला काढावा. बियाण्या-खताचा भाग मेअखेर मुदत संपेल अशा ठेवीत ठेवावा, शाळेच्या खर्चाचा भाग जूनमध्ये संपेल असा, आणि आजारपणासाठी एक छोटी रक्कम बचत खात्यातच राहू द्यावी. चालू असलेल्या हप्त्यांपैकी सर्वांत जास्त व्याजाचा हप्ता कोणता, ते पाहून तो मुदतीपूर्वी फेडता येतो का, याची कंपनीकडे लेखी विचारणा करावी. हे सगळे लिहायला घरातील बाईला सोबत बसवावे, कारण दूध किती आणायचे हे जिला ठरवावे लागते तिला घरावर एकूण किती हप्ते आहेत हे अनेक घरांत माहीतच नसते. ठेवीही दोघांच्या नावावर, दोघांची सही लागेल अशाच ठेवाव्यात, म्हणजे ठेव मुदतीआधी मोडायची वेळ आली तर निदान त्याआधी घरात एकदा बोलणे होईल.