‘संदर्भसूच्या कशाला हव्यात?’ या सल्ल्याला उत्तर

संशोधनाला सुरुवात करणाऱ्या मुलांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. दूरच्या बेटांवर काम करायचं असलं तरी जुन्या संदर्भसूच्यांच्या, म्हणजे एखाद्या विषयावर काय काय लिहिलं गेलं याच्या छापील याद्यांच्या, नादी लागू नका, त्या शिळ्या झाल्या. सगळं ऑनलाइन आहे, शोधलं की सापडतं, उरलंसुरलं एआय काढून देतो. पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशिया या बेटांच्या प्रदेशापुरतं तरी मी ठामपणे सांगेन, हा सल्ला ऐकाल तर अर्धा विषय हातचा जाईल.

‘शोधलं की सापडतं.’ पण कोणत्या नावानं शोधणार? मायक्रोनेशियातलं आजचं पोनपेई बेट जुन्या कागदांत पोनापे आहे, इंग्रज खलाशांच्या लेखी असेन्शन. कोसराए बेट कधी कुसाई, कधी स्ट्राँग्ज आयलंड. त्यात पोनपेईवर आधी स्पेनचं राज्य, १८९९पासून जर्मनीचं, १९१४पासून जपानचं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा कारभार. प्रत्येकानं आपापल्या भाषेत दप्तर ठेवलं. १९०८ ते १९१० या काळातल्या हाम्बुर्गच्या संशोधन मोहिमेनं या बेटांवर खंडच्या खंड लिहिले, तेही जर्मनमध्ये. नुसतं ‘पोनपेई’ टाइप करणाऱ्याच्या हाती बहुतेक अलीकडचं इंग्रजी लेखन लागतं आणि त्याला वाटतं, एवढंच आहे. बेटवार लावलेल्या सूचीत हे सगळं एका ठिकाणी भेटतं. ग्रंथपाल सी. आर. एच. टेलर यांची पॅसिफिकची सूची (१९५१, सुधारित आवृत्ती १९६५) अशीच आहे: आधी द्वीपसमूह, मग त्याखाली विषय.

‘सगळं ऑनलाइन आहे.’ कॅनबेरातलं पॅसिफिक मॅन्युस्क्रिप्ट्स ब्युरो १९६८पासून मिशनऱ्यांच्या डायऱ्या, व्यापाऱ्यांची पत्रं, बेटांवरची दप्तरं यांच्या मायक्रोफिल्म (फिल्मच्या रिळावर घेतलेली बारीक छायाचित्रं) करत आलं आहे. त्यांचा कॅटलॉग नेटवर आहे, हे खरं. पण हस्तलिखित डायरी स्कॅन केली तरी ती संगणकाच्या लेखी चित्रच असते. आतल्या ओळीपर्यंत साधा शोध पोचत नाही. कोणत्या रिळात कुणाची, कोणत्या वर्षांची डायरी आहे, हे कुणीतरी बसून नोंदवलेलं असतं, म्हणून आपण तिथवर पोचतो.

‘त्या सूच्या शिळ्या झाल्या.’ १९६५च्या सूचीत १९७०चं पुस्तक मिळणार नाही, हे उघड आहे. पण जुनं लेखन कुठे शिळं होतं? हुजिओ उचिनोमी या जपानी प्राणिशास्त्रज्ञानं १९४४ साली मायक्रोनेशियाच्या निसर्गाची आणि संस्कृतीची सूची छापली. १९५२मध्ये हवाई विद्यापीठानं ती इंग्रजीत आणली. मायक्रोनेशियातल्याच पलाऊ बेटांच्या प्रवाळांची युद्धाआधीची स्थिती आजच्याशी ताडून पाहायची असेल, तर त्या काळातल्या जपानी निबंधांकडे जाण्याची वाट तिथूनच सापडते.

एआयबद्दल थोडक्यात: तो अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचीही पटण्याजोगी नावं देतो. प्रत्येक नोंद ग्रंथालयाच्या कॅटलॉगात पडताळूनच घ्या.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. या सूच्यांत बेटांवर आलेल्यांचं लेखन भरभरून आहे, बेटांवरच्या माणसांचं फार कमी. मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे नावाडी माऊ पियाइलुग यांनी १९७६ साली होकुलेआ ही होडी कुठल्याही यंत्राविना हवाईहून ताहितीला नेली. ती विद्या त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून तोंडी मिळाली होती. अशा ज्ञानाची नोंद कुठल्या जुन्या सूचीत मिळणार? त्यासाठी बेटांवरच्या जाणत्यांकडेच जावं लागतं. आणि जाण्याआधी सूची वाचलेली असली, तर छापून आलेलंच पुन्हा विचारण्यात त्यांचा वेळ जात नाही.