कोणी पाहिलं, तेही दिसू दे

गेल्या दिवाळीत गावी, तासगाव तालुक्यात, गेलो होतो तेव्हा आत्तीला मोटारसायकलवर बसवून रेशन दुकानात नेलं. रेशनकार्डाची ई-केवायसी राहिली होती. आत्ती सत्तरी ओलांडलेली. चाळीस वर्षं द्राक्षबागेतली विरळणी, डिपिंग, बेदाण्याच्या शेडवरची निवडणी. बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. तिनं मशीनवर अंगठा ठेवला, जुळला नाही. पदराला पुसून परत ठेवला, तरी नाही. दुकानदार चांगला माणूस. त्यानं काच ओल्या फडक्यानं पुसली, दहाही बोटं लावून पाहिली. मग म्हणाला, "आक्का, सर्व्हरबी डाऊन हाय. परवा या."

ही तिची चौथी खेप होती. घरी येताना मागून म्हणाली, "रातच्या साक्षरता वर्गाला जाऊन सही शिकले की रं मी. आता परत अंगठाच का लागतोय ह्यांना?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या भावकीत यावरून दोन तट पडले. एक चुलतभाऊ म्हणाला, हे ऑनलाइनचं खूळच बंद करा, जुनं बरं होतं. पुतण्या मला विचारत होता, "काका, तुमच्याकडं तर मतदानबी घरात बसून करत्यात. आपल्याकडं कवा?" दोघांनाही मनापासून उत्तर द्यायचं आहे, म्हणून हे लिहितोय.

मी सात वर्षं युरोपातल्या एस्टोनियात, टॅलिनला राहतो. सगळ्या देशाची लोकसंख्या साधारण 13 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या सांगली जिल्ह्याची 28 लाखांवर होती. त्यामुळे तिथलं सगळं इथं आणून बसवा, असं मी म्हणणार नाही. पण काही गोष्टी आकारावर अवलंबून नसतात.

तिथं माझ्याकडे चिप असलेलं ओळखपत्र आहे आणि दोन पिन आहेत. एक ओळख पटवायला, दुसरा सही करायला. रोजच्या सरकारी कामात माझं बोट कुणी मागत नाही. पिन चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच सोय: सरकारी संकेतस्थळावर लॉगिन केलं की माझी माहिती कोणत्या खात्यानं, कधी उघडली याची यादी दिसते. दवाखान्यातल्या नोंदींचंही तसंच. काम नसताना दुसऱ्याची नोंद उघडणाऱ्यांना तिथं शिक्षा झालेल्या आहेत. पहिल्यांदा ती यादी पाहिली त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. आपल्या तहसीलच्या व्हरांड्यात मी लहानपणी आबांसोबत तासन् तास उभा राहिलोय. सरकार आपल्याकडे बघतं हे माहीत होतं. आपल्यालाही सरकारकडे असं बघता येतं, हे माहीत नव्हतं.

चुकाही तिथं होतात. 2017 साली सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला. सरकारनं तो स्वतःहून जाहीर केला आणि नंतर त्या कार्डांवरची डिजिटल प्रमाणपत्रं थांबवून लोकांना नवी करून घ्यायला लावली.

आता चुलतभावाला. दादा, जुनं बरं नव्हतं. सातबाऱ्यासाठी तलाठी भाऊसाहेबांची वाट बघत आबांचे किती दिवस गेले, ते तू पाहिलंयस. आज डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. हे मोठं काम झालंय आणि ते करणाऱ्यांचं कौतुक व्हायला हवं. पण अर्धंच काम झालंय. उत्पन्नाचा दाखला सरकारच देतं आणि दरवर्षी सरकारलाच नेऊन द्यावा लागतो. पीक पाहणी तलाठी करायचा, 2021 पासून ती शेतकऱ्यानं मोबाईलवर करायची. काम आपल्याकडे आलं, जबाब मात्र कुणाकडे मागायचा ते कळेनासं झालं.

यशवंतराव चव्हाण आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे. त्यांच्या काळात, 1 मे 1962 ला, जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून. आज तालुक्याच्या खिडकीवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "ते वरूनच बंद आहे." वर म्हणजे कुठं, हे त्या बिचाऱ्या कारकुनालाही माहीत नसतं.

आपल्याकडे कायदा आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित सेवेला मुदत घालून दिली, अपिलं दिली, दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडही ठेवला. पण मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून. सर्व्हर बंद असला की अर्जच दाखल होत नाही. आत्तीच्या चार खेपांची नोंद कुठंही नाही. सरकारच्या लेखी ती कधी आलीच नाही. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. त्यात 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम 8 बदललं आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं केलं. आपण सरकारला अधिकाधिक दिसतोय, आणि आपली खिडकी लहान होतेय.

पुतण्याला मतदानाबद्दल. बाळा, एस्टोनियात 2005 पासून ऑनलाइन मत देता येतं, आणि 2023 च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं तशीच पडली. पण तिथं दिलेलं मत पुन्हा बदलता येतं, शेवटचं धरतात. केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलं तर ऑनलाइनचं रद्द होतं. म्हणजे कुणी डोक्यावर उभं राहून बटण दाबायला लावलं, तरी माणसाला सुटका आहे. आपल्या घरांत आत्तीचा फोन नातवाच्या हातात असतो, ओटीपी तोच वाचतो. तिला एकटीला पडद्याआड उभं राहता येतं अशी जागा आज मतदान केंद्रच आहे. ती मी घालवू देणार नाही. माझी स्वतःची गैरसोय असूनही सांगतो: परदेशातल्या भारतीयांना 2011 पासून मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला गावच्या केंद्रावरच यावं लागतं. मला ते परवडत नाही, तरी घाई नको.

त्याआधी एक साधं काम आपल्या हातात आहे. सर्व्हर कोणत्या दिवशी, किती वाजता बंद होता आणि किती माणसं परत गेली, याची वही सेवा केंद्रात आणि रेशन दुकानात ठेवा. परत जाणाऱ्याला तारखेची चिठ्ठी द्या, आणि अंगठा न जुळणाऱ्याची सही त्याच वहीत घ्या. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा म्हणून पुतण्यानं अर्ज लिहिलाय. काल त्यानं फोटो पाठवला. खाली पहिली सही आत्तीची आहे, थोडी वर चढत गेलेली, पूर्ण नावाची.