हँडबिलाच्या कोपऱ्यातलं अक्षर

ठाण्याच्या नौपाड्यात माझी छोटी प्रेस आहे. बावीस वर्षं हँडबिलं छापतोय. क्लासवाले, फराळवाले, सोफा धुऊन देणारे, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई. पाच हजारांचे गठ्ठे बांधून दिले की माझं काम संपायचं. पुढे त्या कागदांचं काय झालं, हे ना मला कळायचं, ना पैसे मोजणाऱ्याला. विचारलं तर म्हणायचे, "बरा आला रिस्पॉन्स." बरा म्हणजे किती?

हा प्रश्न मला क्लॉड हॉपकिन्सने शिकवला. १८६६ साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये जन्मलेला, जाहिराती लिहिणारा माणूस. वडील लहानपणीच गेले. कार्पेट स्वीपर बनवणाऱ्या बिसेल कंपनीत तो हिशेबनीस होता. तिथे त्याने दुकानदारांना ५,००० पत्रं पाठवली, नाताळची भेट म्हणून स्वीपर विका असं सुचवणारी. १,००० ऑर्डरी आल्या. पुढे लॉर्ड अँड थॉमस या जाहिरात कंपनीत वर्षाला १,८५,००० डॉलरपर्यंत कमावले, पण खातेवही काही डोक्यातून गेली नाही. कूपनवर खूण छापायची, कापून आलेली कूपनं मोजायची आणि कुठली जाहिरात चालली ते ठरवायचं. १९२३ साली त्याने हे सगळं 'सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग' या लहानशा पुस्तकात मांडलं. डायरेक्ट रिस्पॉन्सवाले, म्हणजे जाहिरात पाहून थेट किती गिऱ्हाईक आलं ते मोजणारे, आजही तिथूनच सुरुवात करतात.

पुस्तक वाचलं आणि पहिला प्रयोग केला तो आमच्या गल्लीतल्या काकूंच्या भाजणीवर. हँडबिलं दोन प्रकारची छापली. एकाच्या कोपऱ्यात बारीक 'अ', दुसऱ्याच्या 'ब'. एकच पेपरवाला, एकच रविवार, निम्मी ही, निम्मी ती. हँडबिल घेऊन येणाऱ्याला दहा रुपये कमी.

'अ'वर नेहमीचंच होतं : शुद्ध, सात्त्विक, घरगुती. 'ब'वर लिहिलं की प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजतो, धने-जिरे शेवटी, दळण दर मंगळवारी, पाकिटावर दळणाची तारीख.

काकू म्हणाल्या, "अरे, त्यात काय सांगायचं? सगळ्याच बायका असंच भाजतात."

मी चमकलोच. श्लिट्झ बिअरच्या कारखान्यात हॉपकिन्सला अगदी हेच ऐकायला मिळालं होतं. बाटल्या चार-चारदा धुतात, पाणी खोल विहिरीतून येतं, हे पाहून तो थक्क झाला आणि विचारलं, हे लोकांना का सांगत नाही? उत्तर आलं, सगळेच असं करतात. त्याने तेच छापलं, कारण आधी कोणी सांगितलं नव्हतं.

काकूंनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. चार उभ्या, पाचवी आडवी. दोन आठवड्यांत 'अ'च्या सात, 'ब'च्या एकतीस. ते पान मी मागून घेतलंय, प्रेसमध्ये काचेखाली आहे.

म्हणूनच मला राग येतो तो सल्लागारांच्या नव्या जातीचा. घोडबंदर रोडला मेहुण्याने फिजिओथेरपी सेंटर काढलं. एका कन्सल्टंटने सहा महिने, महिना वीस हजार घेतले. दर महिन्याला रंगीत पीडीएफ : रीच (जाहिरात किती जणांपर्यंत पोचली), इम्प्रेशन्स (किती वेळा दिसली), लाइक्स. मी एवढंच विचारलं, यातून पेशंट किती आले? उत्तर आलं, "ब्रँडिंगला वेळ लागतो." दुकानात सेल्समन ठेवला आणि सहा महिन्यांत त्याने किती माल विकला हे कोणालाच सांगता आलं नाही, तर त्याला आपण पगार देऊ का? मोबाइलवर तर मोजणं कूपनापेक्षा सोपं आहे. तरी मोजत नाहीत, कारण मोजलं तर बिल लावता येणार नाही.

हॉपकिन्सचं सगळंच मला पटतं असं नाही. पेप्सोडेंटसाठी त्याने दातांवरच्या थराचा केवढा गाजावाजा केला! तो थर नुसत्या ब्रशनेही निघतो. काय खपतं ते मोजणी सांगते, काय खरं ते सांगत नाही. काकूंनी पुढच्या हँडबिलावर "मधुमेहावर गुणकारी" टाकू का विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं. टाकलं असतं तर रेघा वाढल्या असत्या, हे मला माहीत होतं. काकूंना पटवायला दोन चहा लागले.

दसऱ्याआधी ठाण्यात ज्यांना हँडबिलं काढायची आहेत त्यांनी दोन मजकूर घेऊन या. कोपऱ्यात अक्षर टाकायचे मी वेगळे पैसे घेत नाही. फक्त रेघांचं पान मला दाखवायला आणा.