कॅशेतलं उत्तर म्हणजे शिळं उत्तर नव्हे

‘सर्च इंजिन आता शोधतच नाही, साठवलेली उत्तरं सगळ्यांना वाटतं. म्हणून ती शिळी असतात. मोबाइलचा कॅशे पुसा, ताजी मिळतील.’ गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आला. कॅशे म्हणजे पुन्हा लागेल म्हणून हाताशी साठवून ठेवलेली प्रत. माझं कामच शोधप्रणालीचं आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘शोधतच नाही’ हे आधी घेतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, हे तासाभरात निम्मं नाशिक विचारतं. पहिल्यासाठी काढलेलं उत्तर थोडा वेळ मेमरीत ठेवून पुढच्यांना दिलं, तर त्यात लबाडी कसली? पण सगळंच असं साठवता येत नाही. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच न आलेले असतात, असं गूगल स्वतः सांगत आलंय. संगणकशास्त्रज्ञ रिकार्डो बाएझा-येट्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याहूच्या वर्षभराच्या नोंदींवर अभ्यास मांडला. त्यात एकूण शोधांपैकी ४४ टक्के असे निघाले, जे वर्षभरात एकदाच आले होते. मेमरी कितीही वाढवा, हे शोध साठवलेल्या उत्तरांतून भागणार नाहीत. मात्र प्रश्न नवा असला तरी त्यातले शब्द बहुधा जुनेच असतात. म्हणून कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याच्या याद्याही मेमरीत ठेवतात आणि नव्या प्रश्नासाठी त्या तिथल्या तिथे जुळवतात. हा शोधच आहे.

उत्तरं साठवण्याचं हे काम मी हाताने केलंय. द्राक्षाच्या औषधांच्या एका दुकानासाठी सर्च बनवला होता. ऑक्टोबर छाटणीनंतर नोंदी उघडल्या तर ‘डाऊनी’, ‘डाउनी’, ‘डावणी’, शेवटी स्पेस असलेलं ‘डाऊनी’, सगळे वेगवेगळे शोध म्हणून साठत होते. रोग एकच, उत्तर एकच, काम चौपट. साठवण्याआधी शब्दांची रूपं एक केली, तेव्हा कुठे कॅशेचा उपयोग व्हायला लागला.

शिळेपणाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. त्याच दुकानात साठवलेलं उत्तर किती वेळ ठेवायचं, याची मी सगळ्यांना एकच मुदत दिली होती. संपलेलं औषध दिवसभर ‘उपलब्ध’ दिसत राहिलं आणि पिंपळगावहून एक शेतकरी दादा हेलपाटा घालून गेले. चूक माझी होती. त्र्यंबकेश्वरला कसं जायचं, हे उत्तर दिवसभर ठेवलं तरी चालतं. लासलगावचा कांद्याचा भाव लिलाव चालू असताना तसा ठेवून चालत नाही. म्हणून मुदत उत्तराच्या स्वभावाप्रमाणे ठरवायची, आणि मूळ माहिती बदलली की मुदतीची वाट न बघता साठवलेलं काढून टाकायचं. शिवाय जुनं दिसलं म्हणजे दोष कॅशेचाच, असंही नाही. पुष्कळदा इंजिन त्या पानावर पुन्हा फिरकलेलंच नसतं, किंवा पान ज्याचं आहे त्यानेच ते बदललेलं नसतं.

राहिला मोबाइलचा कॅशे. फोनमध्ये असतात ती पानांची चित्रं आणि तुकडे. सर्चची साठवलेली उत्तरं इंजिनाच्या सर्व्हरवर असतात, तुमच्या पुसण्याने तिथे काहीच हलत नाही. फोनने एखाद्या पानाची जुनी प्रत धरून ठेवली असेल तर ते पान रिफ्रेश केलं तरी बहुतेक वेळा काम होतं. सगळा कॅशे पुसलात तर तेच सगळं फोन पुन्हा उतरवून घेतो आणि डेटा तुमचा जातो.